जीएफएपी सेन्सर बफरमध्ये छान, सीरममध्ये मात्र कोरा नमुनाही पॉझिटिव्ह: कारण कसं शोधायचं

जीएफएपी हे मेंदूच्या आधारपेशींतलं प्रथिन, दुखापतीनंतर ते रक्तात उतरतं; ते मोजणाऱ्या विद्युत सेन्सरची ही गोष्ट आहे. लक्षण असं असतं. सोन्याच्या स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोडवर थायॉलचा (सोन्याला धरून बसणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचा) थर दिला, त्यावर जीएफएपीची अँटिबॉडी बसवली, अल्ब्युमिननं ब्लॉक केलं. फॉस्फेट बफरमध्ये शुद्ध प्रथिन वाढवत नेलं तसा इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, नेमका वाढत गेला, आलेखावर सरळ रेषा आली. मग निरोगी माणसाच्या सीरमचा थेंब टाकला. त्यात वरून काहीच मिसळलेलं नव्हतं, तरी आकडा एकदम वर गेला, बफरमधल्या ५०० पिकोग्रॅमच्या नमुन्याइतका. सीरम दहापट पातळ केलं की थोडा खाली येतो. ब्लॉकिंग वाढवलं की दोन दिवस बरं वाटतं, नवी बॅच आली की पुन्हा तेच.

मेंदूच्या दुखापतीचे मार्कर मोजणाऱ्या कुणालाही ही तक्रार ओळखीची वाटेल. प्रथिन जीएफएपी असो की यूसीएच-एल१, एस१००बी किंवा न्यूरोफिलामेंट लाइट हे दुखापतीचे इतर मार्कर असोत, गाडी याच वळणावर अडते. माझ्याकडे ही तक्रार तीन वेळा आली आणि तीनही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या वेळी मी कारण न शोधता नुसती ब्लॉकिंगची द्रावणं बदलत बसले आणि दोन महिने गेले. म्हणून इथे उपायांच्या आधी निदान कसं करायचं ते लिहिते आहे.

आधी रेणू मोजा

हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

डोक्याला सौम्य मार लागलेल्या रुग्णाला सीटी स्कॅन लागेल की नाही हे ठरवायला मदत करणारी पहिली रक्तचाचणी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्य केली. तिच्यात सीरममधल्या जीएफएपीचा कट-ऑफ २२ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि यूसीएच-एल१चा ३२७ होता. २०२१ मध्ये प्लाझ्मासाठी मान्य झालेल्या हातातल्या उपकरणात हेच आकडे ३० आणि ३६० आहेत. म्हणजे आपल्याला ३० पिकोग्रॅमच्या आसपास ठाम उत्तर द्यायचं आहे.

जीएफएपीचं वजन साधारण ५० किलोडाल्टन. त्यामुळे ३० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ०.६ पिकोमोलर. ५० मायक्रोलिटरच्या थेंबात त्याचे १ कोटी ८० लाख रेणू असतात. मोठी संख्या वाटते, पण आता इलेक्ट्रोडकडे बघा. ४ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर आडव्या पडलेल्या अँटिबॉडी एकमेकींना चिकटून बसवल्या तर ८,००० कोटींहून जास्त मावतात. थेंबातला एकूण एक जीएफएपी रेणू पृष्ठभागावर येऊन पकडला गेला, तरी साधारण ४,७०० अँटिबॉडींमागे एक एवढीच जागा भरेल.

आणि सगळे रेणू येतही नाहीत. एवढ्या आकाराचं प्रथिन स्थिर द्रवात अर्ध्या तासात अर्धा मिलिमीटरही सरकत नाही. थेंबाची उंची मात्र ३-४ मिलिमीटर असते. न हलवता ठेवलेल्या थेंबातले जेमतेम दहावा भाग रेणू तळाला पोचतात, म्हणजे प्रत्यक्षात ५० हजार अँटिबॉडींमागे एक जागा भरते. एवढ्यावर चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स (इम्पिडन्समधून काढलेला पृष्ठभागाचा रोध) २० टक्के वाढला असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. ती वाढ दुसऱ्या कशाची तरी आहे.

त्याच थेंबात अल्ब्युमिन किती? प्रति मिलिलिटर ४० मिलिग्रॅम धरलं तर एका जीएफएपी रेणूमागे सुमारे १०० कोटी अल्ब्युमिन रेणू. पृष्ठभागाचा अगदी बारीकसा उघडा कोपरा सापडला तरी ते तिथे बसतात आणि फेरी-फेरोसायनाइडची, म्हणजे मोजणीसाठी द्रावणात घातलेल्या इलेक्ट्रॉन देणाऱ्या-घेणाऱ्या रसायनाची, वाट अडवतात. इम्पिडन्सला मात्र वाट कुणी अडवली ते कळत नाही, अडली एवढंच कळतं.

हे पटलं की पुढचा प्रश्न आपोआप बदलतो. ब्लॉकिंग कसं वाढवू, याआधी विचारायचं: मला दिसतो आहे तो सिग्नल जीएफएपीचा आहे का?

एकच चाचणी करायची असेल तर ही करा

एकाच सीरमचे तीन भाग करा. पहिल्यात काही घालू नका. दुसऱ्यात तीच कॅप्चर अँटिबॉडी मोकळ्या स्वरूपात घाला, प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम इतकी. तिसऱ्यात तेवढीच पण जीएफएपीशी संबंध नसलेली, त्याच प्राण्याची आणि त्याच वर्गाची अँटिबॉडी घाला. अर्धा तास थांबा आणि तिन्ही भाग एकाच बॅचच्या वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवर मोजा. प्रत्येक भागासाठी किमान तीन इलेक्ट्रोड घ्या, कारण एकेकट्या इलेक्ट्रोडवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही.

१० मायक्रोग्रॅम ही मात्रा ०.६ पिकोमोलर जीएफएपीच्या लाखपट आहे. खरा जीएफएपी असेल तर दुसऱ्या भागात तो मोकळ्या अँटिबॉडीनं आधीच धरलेला असेल आणि सिग्नल कोसळेल. तिन्ही भाग सारखेच वर राहिले तर तुम्ही जीएफएपी मोजतच नाही आहात, सीरमची प्रथिनं पृष्ठभागावर चिकटण्याचं प्रमाण मोजता आहात. आणि तिसऱ्या भागातही सिग्नल पडला, पहिल्यात मात्र पडला नाही, तर त्या सीरममध्ये हेटेरोफिलिक अँटिबॉडी आहेत. प्राण्यांच्या अँटिबॉडींना चिकटणाऱ्या या मानवी अँटिबॉडी खरा अँटिजेन नसतानाही सँडविचच्या, म्हणजे प्रथिनाला दोन बाजूंनी धरणाऱ्या कॅप्चर आणि डिटेक्शन अशा दोन्ही अँटिबॉडींना जोडून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे नमुन्याच्या बफरमध्ये कायमच भरपूर असंबंधित आयजीजी (नेहमीच्या वर्गाची अँटिबॉडी) ठेवणं, किंवा डिटेक्शनसाठी अँटिबॉडीचा फक्त एफएबी तुकडा (प्रथिन पकडणारं टोक) वापरणं.

माझ्या पहिल्या प्रकरणात तिन्ही आकडे एकसारखे आले. दोन महिन्यांच्या ब्लॉकिंगच्या प्रयोगांना एका दुपारी उत्तर मिळालं.

सीरम न टाकताच रेघ सरकते का

दुसऱ्या प्रकरणात दोष सीरमचा नव्हताच. ब्लॉक केलेला इलेक्ट्रोड नुसत्या फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात ठेवून दर दहा मिनिटांनी इम्पिडन्स घेतला तर तासाभरात आकडा हळूहळू सरकत होता. सीरमच्या नमुन्यांना धुणं जास्त लागायचं, त्यामुळे त्यांचं मोजमाप नेहमी उशिरा व्हायचं, आणि या सरकण्याचा, म्हणजे ड्रिफ्टचा, सगळा दोष सीरमच्या माथी जायचा. ही तपासणी सीरमला हात लावण्याआधी झालीच पाहिजे. कोऱ्या बफरमध्ये तासभर स्थिर न राहणाऱ्या इलेक्ट्रोडवर पुढचा एकही प्रयोग करू नये.

ड्रिफ्टची कारणं बरीच आहेत. फेरी-फेरोसायनाइड हेच एक मोठं कारण. त्यातून थोडं सायनाइड सुटतं आणि सायनाइड सोनं खातं. थायॉलच्या थरातल्या भोकांमधून ते सोन्यापर्यंत पोचलं की थर खालून सुटू लागतो. जुनं, उजेडात ठेवलेलं द्रावण अधिक त्रास देतं. रोज ताजं करा, काळ्या बाटलीत ठेवा, आणि इलेक्ट्रोड त्यात मोजण्यापुरताच ठेवा. त्याऐवजी हेक्साअमाइन रुथेनियम वापरून बघण्यासारखं आहे, त्यात सायनाइडचा प्रश्न नाही. मात्र त्याचा भार धन आहे, त्यामुळे ऋणभारित थरावर त्याची वागणूक फेरीसायनाइडच्या उलट दिसते. जुन्या आकड्यांशी तुलना करायला जाऊ नका.

थर स्वतःही स्थिरावलेला हवा. लांब साखळीच्या कार्बॉक्सिल थायॉलबरोबर सहा कार्बनांचं मर्कॅप्टोहेक्सॅनॉल मिसळून भोकं बुजवली, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी बफरमध्ये तास-दोन तास ठेवून मगच पहिला आकडा घेतला, तर ड्रिफ्ट खूप कमी होतो. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत (व्होल्टेज मागेपुढे फिरवून प्रवाह मोजताना) ऋण बाजूला फार खोल जाऊ नका. उणे ०.८ व्होल्टच्या खाली थायॉल सोन्यावरून सुटायला लागतं. छापील इलेक्ट्रोडला पिरान्हा द्रावणानं (सल्फ्युरिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणानं) धुणं तर नकोच, त्याची शाई आणि इन्सुलेशन ते सहन करत नाही.

रेफरन्सकडे, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या इलेक्ट्रोडकडे, फार थोडे लोक बघतात. छापील पट्टीवरचा चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा ठिपका खरा रेफरन्स नसतो. त्याचा पोटेन्शियल द्रावणातल्या क्लोराइडवर ठरतो आणि क्लोराइड दहापट कमी झालं की सुमारे ५९ मिलिव्होल्टनं सरकतो. हे कुठे नडतं ते सांगते. फॉस्फेट बफर सलाइनमध्ये डिबाय लांबी (पृष्ठभागापासून जिथवर भार जाणवतो ते अंतर) एक नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. अँटिबॉडी तर दहा नॅनोमीटरच्या घरात. म्हणून भारावर चालणाऱ्या सेन्सरमध्ये बफर शंभरपट पातळ करून ही लांबी सातेक नॅनोमीटरवर नेतात. कल्पना बरोबर आहे. पण त्याच वेळी रेफरन्स जवळपास १२० मिलिव्होल्ट सरकलेला असतो, शिवाय कमी क्षारात भारामुळे होणारी नको ती चिकट वाढते. धुणं पातळ बफरमध्ये करत असलात तरी वाचन घेताना ठरावीक पोटॅशियम क्लोराइड, उदाहरणार्थ ०.१ मोलर, प्रत्येक वेळी तेवढंच ठेवा.

अँटिबॉडीच्या कुपीत आणखी काय आहे?

तिसरं प्रकरण सगळ्यात जिवाला लागलं, कारण कारण अगदी समोर लिहिलेलं होतं. नवी अँटिबॉडी आली, ईडीसी-एनएचएसनं (थरातल्या कार्बॉक्सिलला अमाइन जोडणाऱ्या रसायनांनी) जोडली, आणि सेन्सर शुद्ध जीएफएपीलासुद्धा जेमतेम प्रतिसाद देईना. सीरममध्ये मात्र आकडा वरच. कुपीसोबतचा कागद नीट वाचला तेव्हा दिसलं की अँटिबॉडीच्या टिकाऊपणासाठी त्यात अल्ब्युमिन आणि ग्लायसिन घातलेलं होतं. ईडीसीला प्राथमिक अमाइन हवं असतं, ते कुणाचं हे त्याला कळत नाही. आम्ही निष्ठेनं अल्ब्युमिन जोडत होतो आणि ग्लायसिन उरलेल्या जागा बंद करत होतं.

जोडण्यासाठी अँटिबॉडी घेताना वाहक प्रथिनाशिवायची मागवा. ट्रिस (अमाइन असलेलं बफर) आणि ग्लायसिन फिल्टरनं किंवा डायलिसिसनं काढता येतात. अल्ब्युमिन तसं निघत नाही, त्यासाठी अँटिबॉडी पुन्हा शुद्ध करावी लागते. सक्रियीकरण एमईएस बफरमध्ये, सामू ५ ते ६ असताना करा. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढल्यावर बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडली की आत दव धरतं आणि ती पूड निकामी होत जाते. कुठल्याही दिवशी जोडणी झाली की नाही हे तपासण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या अँटिबॉडीच्या प्राण्याविरुद्धची एन्झाइम लावलेली दुय्यम अँटिबॉडी टाकून सिग्नल बघणं. या एका तपासणीनं आमचे तीन आठवडे वाचले असते.

प्रमाण द्रावणावर फार भरवसा ठेवू नका

बफरमधली ती सुंदर रेषासुद्धा तपासून घ्या. पिकोग्रॅमच्या पातळीवर प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून द्रावणातून नाहीसं होऊ शकतं. पातळ करत जाताना प्रत्येक पायरीला थोडं थोडं हरवतं, आणि शेवटच्या नळीवर लिहिलेला आकडा आत नसतोच. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा, पातळ करण्याच्या बफरमध्ये ०.१ टक्का अल्ब्युमिन ठेवा, प्रत्येक पायरीला टिप बदला. जीएफएपीची आणखी एक खोड आहे. ते मध्यवर्ती तंतूंचं प्रथिन आहे, धागे विणणं हा त्याचा स्वभावच. शुद्ध जीएफएपी क्षारयुक्त बफरमध्ये एकत्र येऊन गुठळ्या करू शकतं. गोठवून-वितळवून पुन्हा पुन्हा वापरलेली कुपी टाकून द्यावी, एकेका प्रयोगापुरते छोटे भाग करून ठेवावेत.

रुग्णाच्या रक्तात अखंड जीएफएपीच असेल असंही नाही. दुखापतीनंतर कॅल्पेनसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइम त्याचे तुकडे करतात आणि ३८ ते ४४ किलोडाल्टनचे तुकडे रक्तात सापडतात. तुमची अँटिबॉडी प्रथिनाच्या टोकाला पकडत असेल तर शुद्ध नमुना छान मोजला जाईल आणि रुग्णाचा चुकेल. दोन्ही अँटिबॉडी मधल्या गाभ्याला धरणाऱ्या निवडा.

आणि ‘निरोगी सीरम म्हणजे शून्य’ हेही खरं नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही थोडं जीएफएपी असतं, वयाप्रमाणे ते वाढतं. सीरममधला कोरा नमुना बफरपेक्षा किंचित वर असणं हा दोष नाही. म्हणून प्रमाणरेषा सीरममध्येच काढा, ज्ञात मात्रा मिसळून किती परत मिळते ते बघा, आणि तेच सीरम दोनपट, चारपट, आठपट पातळ करून उलट गणितानं मूळ आकडा तोच येतो का ते तपासा. मिसळलेल्यापैकी ८० ते १२० टक्के परत मिळालं तर पुढे जा. पातळ करत गेल्यावर मूळ आकडा वाढत गेला तर सीरममधलं काहीतरी सिग्नल दाबतं आहे.

मग करायचं काय

माझं स्पष्ट मत असं झालं आहे की या मार्करसाठी, निदान ३० पिकोग्रॅमच्या आसपास, लेबल न लावता थेट सीरमच्या थेंबात इम्पिडन्स मोजण्याचा मार्ग सोडावा. वर केलेलं गणित त्याच्या विरोधात आहे. पकडण्याचं काम आणि वाचण्याचं काम वेगळं करा. इलेक्ट्रोडला सीरम दिसूच देऊ नका.

चुंबकीय मण्यांवर कॅप्चर अँटिबॉडी बसवून २०० मायक्रोलिटर नमुन्यात हलवत ठेवली की रेणूंना मिलिमीटरभर प्रवास करावा लागत नाही, मणीच त्यांच्यापर्यंत जातात. मग चुंबकावर मणी धरून ०.०५ टक्का ट्वीन (सौम्य डिटर्जंट) असलेल्या बफरनं तीन-चार वेळा धुवा आणि शेवटच्या धुण्याआधी मणी नव्या नळीत हलवा. जुन्या नळीच्या भिंतीवर एन्झाइम लावलेली अँटिबॉडी चिकटून राहते आणि कोऱ्या नमुन्याचा आकडा तिथूनच वर जातो. नळी बदलल्यानं माझा कोरा आकडा जितका खाली आला तितका कुठल्याही ब्लॉकिंगनं आला नव्हता. सिग्नलची ताकद डिटेक्शन अँटिबॉडीवरचं एन्झाइम देतं. पकडलेल्या प्रत्येक रेणूमागे ते सेकंदाला शेकडो रेणू बदलतं, आणि ०.६ पिकोमोलर मग आवाक्यात येतं. हातातल्या उपकरणातली ती मान्य चाचणीसुद्धा एन्झाइमच्या सँडविचवर आणि विद्युतप्रवाहाच्या मोजणीवर चालते.

सँडविचचे स्वतःचे दोष असतात, ते मात्र पटकन सापडतात. अल्कलाइन फॉस्फटेज वापरत असाल तर फॉस्फेट बफरनं शेवटचं धुणं करू नका, फॉस्फेट त्या एन्झाइमला दाबतं. त्याला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, त्यामुळे ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रक्त न गोठू देणारं रसायन) घातलेल्या प्लाझ्माचा अंश मागे राहिला तरी ते मंदावतं. ट्रिस बफर आणि चिमूटभर मॅग्नेशियम क्लोराइड यांनी काम होतं. हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज असेल तर सोडियम अझाइड कुठल्याही बाटलीत नको. एस१००बी कॅल्शियम धरणारं प्रथिन आहे. काही अँटिबॉडी त्याला कॅल्शियमसह असलेल्या आकारातच ओळखतात, तेव्हा तिथेही ईडीटीए घातक ठरू शकतं.

वाचनाचा पोटेन्शियल शक्य तितका शून्याजवळ ठेवा. सीरममधलं युरिक अॅसिड आणि अॅस्कॉर्बिक अॅसिड अधिक ०.३ व्होल्टच्या पुढे आपलाच प्रवाह देऊ लागतात. पॅरासिटामॉलही तसंच, आणि डोकं दुखतं म्हणून आलेल्या रुग्णानं ते घेतलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. प्रयोगशाळेतल्या निरोगी सीरमवर हा दोष कधीच दिसत नाही, पहिल्या खऱ्या नमुन्यावर दिसतो. मणी नीट धुतले तर ही भीती बरीच कमी होते.

नमुना लालसर दिसला तर यूसीएच-एल१ मोजू नका. ते लाल पेशींमध्येही असतं आणि पेशी फुटल्या की आकडा खोटा वाढतो. धाग्यासारखं फायब्रिन तरंगत असेल तर पुन्हा सेंट्रिफ्यूज करा, ते मण्यांना गुंडाळतं. एस१००बीच्या बाबतीत तर सेन्सर बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. चरबीच्या पेशींतूनही ते येतं, हातपाय मोडलेल्या रुग्णात डोक्याला काही न होता वाढलेलं दिसतं.

शोध-मर्यादेबद्दल, म्हणजे सेन्सरला ओळखता येणाऱ्या सगळ्यात कमी मात्रेबद्दल, एक सांगायचं आहे. फेम्टोग्रॅमपर्यंत मोजल्याचे दावे वाचून आपला सेन्सर कमी पडतो असं वाटून घेऊ नका. रुग्णासाठी ३० पिकोग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे दहा वेळा मोजल्यावर दहा वेळा तेच उत्तर येणं महत्त्वाचं आहे. ही चाचणी स्कॅनची गरज नाही असं सांगायला वापरतात. तिथे चुकून खाली आलेला एक आकडा म्हणजे मेंदूत रक्तस्राव असलेला माणूस घरी पाठवला जाणं. म्हणून शोध-मर्यादा काढताना बफरच्या तीन थेंबांवर काढू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बॅचवर, वेगवेगळ्या माणसांच्या किमान वीस कोऱ्या सीरमवर कोऱ्याची मर्यादा काढा, आणि मग कमी मात्रेच्या खऱ्या नमुन्यांवर शोध-मर्यादा.

तुमच्याकडेही हीच तक्रार असेल तर विचारताना या गोष्टी सोबत सांगा: वर दिलेल्या तीन भागांच्या चाचणीचे आकडे, नुसत्या फेरी-फेरोसायनाइडमधला तासाभराचा ड्रिफ्ट, अँटिबॉडीच्या कुपीत काय काय आहे, नमुना सीरम की कुठला प्लाझ्मा, आणि वाचन कुठल्या बफरमध्ये किती क्लोराइड असताना घेतलं. नायक्विस्ट आलेखाचं (इम्पिडन्सच्या आलेखाचं) नुसतं चित्र पाहून कुणालाही कारण सांगता येत नाही. पण हे पाच धागे हाती असले की बहुतेक वेळा दोष एका बैठकीत सापडतो.